माणसं चाळीस, घोडे आठ

१९१४च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांतून जी पोरं आघाडीवर निघाली, त्यांना युद्धाची पहिली ओळख एका सूचनेतून झाली : 'माणसं ४०, घोडे ८'. ही अक्षरं मालगाडीच्या वाघिणीवर रंगवलेली असत. एरवी त्याच वाघिणींतून धान्यधुन्य, खोकी-पिंपं जायची. आत लाकडी बाकं टाकली की चाळीस माणसं बसत, बाकं काढली की आठ घोडे मावत. माणूस आणि घोडा यांचा हिशेब एकाच फळीवर एकाच रंगात मांडलेला होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

शाळेत आपण पहिलं महायुद्ध 'मूलभूत कारणे' आणि 'तात्कालिक कारण' अशा दोन मथळ्यांखाली लिहिलं. मूलभूत कारणांत साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार आणि उग्र राष्ट्रवाद, तर तात्कालिक कारणात साराजेव्होचा खून. पाच गुण पक्के. उत्तर चुकीचं नव्हतंच. पण खून झाला २८ जूनला आणि ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मध्ये ३७ दिवस गेले. त्या ३७ दिवसांतले पहिले तीन आठवडे युरोपातले बहुतेक मुत्सद्दी निवांत होते, कुणी सुट्टीवर, कुणी बोटीवर. शेवटच्या आठवड्यात मात्र सगळ्यांची अशी काही धांदल उडाली की विचार करायलाही कुणाला फुरसत उरली नाही. असं का झालं, याचं उत्तर त्या वाघिणींत सापडतं.

मूलभूत कारणं भराभर उरकून घेऊ. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सकडून आल्सेस आणि लॉरेनचा मोठा भाग हिसकावला होता, ते फ्रान्सला सलत होतं. १८८२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा करार झाला. १८९४ मध्ये फ्रान्स आणि रशिया एकत्र आले. त्यामुळे लढाई झालीच तर आपल्याला पूर्व-पश्चिम दोन्हीकडे लढावं लागणार, हे जर्मनीला कळून चुकलं. जर्मनीने आरमार वाढवायला घेतलं तसं ब्रिटन बिथरलं आणि आधी फ्रान्सशी, मग रशियाशी जुनी भांडणं मिटवून मोकळं झालं. तिकडे बाल्कनमध्ये तुर्कांची सत्ता आटत चालली होती. ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बोस्निया अधिकृतपणे खिशात घातला, आणि शेजारच्या सर्बियाचा तिळपापड झाला.

एक कारण मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. ते म्हणजे रशियाचे रूळ. देश अवाढव्य आणि रेल्वे तुटपुंजी, म्हणून रशियाला सैन्य गोळा करायला जर्मनीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागत. जर्मन सेनापतींची सगळी भिस्त या दिरंगाईवर होती. पण फ्रान्सने रशियाला कर्ज द्यायला सुरुवात केली आणि त्या पैशातून पश्चिम सीमेकडे नवे मार्ग टाकायचं ठरलं. १९१७ पर्यंत हे काम बरंचसं झालं असतं. मग रशियन फौज वेळेवर हजर होणार! युद्ध व्हायचंच असेल तर लवकर झालेलं बरं, असं बर्लिनमधले काही सेनानी उघडच बोलू लागले, त्याच्या मुळाशी ही धास्ती होती.

आता साराजेव्हो. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी उघड्या मोटारीतून जात असताना नदीकाठच्या रस्त्यावर त्यांच्यावर बाँब फेकला गेला. तो मागच्या गाडीखाली फुटला. फेकणाऱ्या पोराने विष खाल्लं, पण ते लागू पडलं नाही. त्याने नदीत उडी मारली, तर नदीला पाणी नाही. लोकांनी त्याला ओढून काढला. जखमी अधिकाऱ्याची विचारपूस करायला युवराजाने परतीचा मार्ग बदलायला लावला, पण हा बदल ड्रायव्हरला कुणी नीट सांगितलाच नाही. त्याने जुन्या ठरलेल्या वळणावर मोटार वळवली. चूक लक्षात आली तशी गाडी थांबली, आणि थांबली ती नेमकी गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या मुलासमोर. दोन गोळ्या सुटल्या आणि दोन माणसं गेली.

ऑस्ट्रियाला सर्बियाला धडा शिकवायचा होता. त्याने आधी जर्मनीकडून पाठिंब्याचा शब्द घेतला आणि मग थेट २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. इथपर्यंत हे दोन देशांचं भांडण होतं. बाल्कनमध्ये मागच्याच दोन वर्षांत दोन युद्धं होऊन गेली होती, तसंच हे तिसरं झालं असतं.

पण आता रेल्वे मध्ये आली.

त्या काळी युरोपातल्या मोठ्या देशांत, ब्रिटन सोडला तर, सक्तीची लष्करी सेवा होती. तरुण दोन-तीन वर्षं छावणीत काढून घरी परतत, शेती-दुकान बघत आणि बोलावणं आलं की पुन्हा हजर होत. हे बोलावणं म्हणजे लामबंदी. लामबंदी पुकारली की लाखो माणसांनी आपापल्या पलटणीत जायचं, गणवेश घ्यायचा, पलटणीने स्टेशनवर जायचं आणि ठरलेल्या गाडीने ठरलेल्या सीमेवर उतरायचं. जर्मनीत यासाठी सुमारे ११,००० गाड्यांचं वेळापत्रक तयार होतं. बर्लिनच्या लष्करी मुख्यालयातला रेल्वे विभाग ते दरवर्षी नव्याने आखत असे. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून किती वाजता सुटणार, कुठल्या पुलावरून कधी जाणार, इंजिनात पाणी कुठे भरणार, जवानांना कॉफी कुठे मिळणार, सगळं कागदावर. कोलोन शहरात ऱ्हाईन नदीवरच्या एकाच पुलावरून २ ते १८ ऑगस्ट या काळात २,१५० गाड्या पश्चिमेकडे गेल्या. म्हणजे दर दहा-अकरा मिनिटांना एक, रात्रंदिवस. दादरला सकाळी उभं राहणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही, पण यातल्या बऱ्याच गाड्यांना पन्नासहून जास्त वाघिणी होत्या आणि त्यांत घोडे व तोफा होत्या.

ज्याची लामबंदी आधी पूर्ण होईल त्याचा पहिला तडाखा. म्हणून शेजाऱ्याने सुरुवात केल्याची कुणकुण लागली की आपण थांबणं म्हणजे आत्मघात, अशी प्रत्येक मुख्यालयाची पक्की समजूत झाली. रशियाच्या झार निकोलसने २९ जुलैला सर्व फौज गोळा करण्याच्या हुकमावर सही केली. त्याच संध्याकाळी जर्मन कैसरची तार आली, तेव्हा हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने तासभर समजूत घातल्यावर पुन्हा होकार दिला. सेनाप्रमुख यानुश्केविचने आधीच सांगून ठेवलं होतं की एकदा हुकूम हाती पडला की मी माझा टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे पुन्हा 'थांबा' सांगायला मी कुणाला सापडायलाच नको. एका साम्राज्याचा सेनाप्रमुख आपल्याच राजाचा फोन यायला नको म्हणून हे बोलत होता.

बर्लिनमधला प्रसंग याहून विलक्षण. जर्मनीची योजना श्लीफेन या जुन्या सेनापतीच्या नावाने ओळखली जाते. तिचा गाभा असा की रशिया सावकाश जागा होणार, तोवर सहा आठवड्यांत बेल्जियममार्गे फ्रान्सला चीत करायचं आणि मग गाड्या भरून पूर्वेकडे वळायचं. म्हणजे भांडण रशियाशी झालं तरी पहिला वार फ्रान्सवर, आणि तोही तटस्थ बेल्जियमला तुडवून. १ ऑगस्टच्या संध्याकाळी जर्मनीने लामबंदी पुकारली, आणि थोड्याच वेळात लंडनच्या जर्मन राजदूताची तार येऊन थडकली. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन फ्रान्सला गप्प बसवायला तयार आहे, असा तिचा अर्थ दिसत होता. कैसर विल्हेल्म हरखला. सेनाप्रमुख मोल्टकेला तो म्हणाला, मग सगळी फौज पूर्वेकडेच पाठवू या!

मोल्टकेचा चेहरा उतरला. हे होणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. वर्षभर खपून आखलेली चाल अशी ऐनवेळी फिरवली तर पूर्वेकडे लढणारी फौज पोचणार नाही, शिधा-दारूगोळा नसलेल्या सशस्त्र माणसांचा नुसता जमाव पोचेल. त्यावर कैसरने त्याला जिव्हारी लागेल असं बोलून घेतलं : तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं. काका म्हणजे १८७० मध्ये फ्रान्सला हरवणारे थोरले मोल्टके. पुतण्याने पुढे लिहून ठेवलंय की त्या रात्री तो घरी जाऊन रडला.

दरम्यान लक्झेंबर्गच्या सीमेवरचं त्रोआव्हिएर्ज हे छोटं स्टेशन एका जर्मन तुकडीने संध्याकाळी सातच्या सुमारास ताब्यातही घेतलं होतं. रूळ काही अंतर उखडले, तारयंत्र बंद पाडलं. एवढ्यात मागून मोटारीतून दुसरी माणसं आली : चूक झाली, परत फिरा. तुकडी परत फिरली. रात्री उशिरा लंडनहून खुलासा आला की असा काही प्रस्तावच नव्हता, गैरसमज झाला. कैसरने मोल्टकेला बोलावून सांगितलं, आता करा काय करायचं ते. दुसऱ्या दिवशी लक्झेंबर्ग जर्मनांच्या हातात होतं. ३ तारखेला फ्रान्सशी युद्ध, ४ तारखेला बेल्जियममध्ये फौजा, आणि १८३९च्या तहाने बेल्जियमची हमी घेतलेलं ब्रिटन त्याच रात्री मैदानात. करारांची साखळी सगळ्यांच्या हातात होती, पण गाडी थांबवायला ती ओढायची कुणी?

ब्रिटिश इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी याला 'वेळापत्रकाने लादलेलं युद्ध' ठरवलं. मत चटकदार आहे, पण मला ते पुरतं पटत नाही. जर्मन रेल्वे विभागाचा माजी प्रमुख जनरल श्टाब्स याने युद्धानंतर आकडेमोडीसह पुस्तकच लिहिलं, की ठरवलं असतं तर गाड्या पूर्वेकडे वळवता आल्या असत्या! म्हणजे मोल्टकेला अशक्य वाटलं ते रेल्वेच्याच जाणकाराला शक्य वाटत होतं. वेळापत्रक माणसांनीच आखलं होतं, आणि दुसरं आखून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही, हाही माणसांचाच निर्णय. रेल्वेने युद्ध घडवलं नाही. विचार बदलायला लागणारी सवड मात्र तिने खाऊन टाकली. सैन्य पायी निघायचं तेव्हा दूत घोड्यावरून पुढे जाऊन त्याला परत बोलावू शकायचा.

वेळापत्रकाची मात्रा चालते ती रूळ असतील तोवरच. बेल्जियन लोकांनी माघार घेताना पूल आणि बोगदे उडवले. जर्मन फौज पुढे सरकली ती पायी, उन्हातान्हात, दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती पॅरिसच्या जवळ मार्न नदीपर्यंत पोचली, तेव्हा तिचं शेवटचं स्टेशन मागे शंभर किलोमीटरहून लांब राहिलं होतं. घोड्यांना वैरण नाही, जवानांच्या बुटांचे तळवे गेलेले. उलट फ्रेंच सेनापती झोफ्र आपल्या घरच्या रुळांवरून लॉरेनमधली माणसं उचलून पॅरिसकडे आणत होता. त्यातच पॅरिसच्या सहाशेच्या आसपास टॅक्स्यांनी काही हजार जवान आघाडीवर नेऊन सोडले. टॅक्स्यांचे मीटर चालूच होते, आणि सरकारने नंतर सत्तर हजारांवर फ्रँकचं बिल चुकतं केलं. लढाईच्या निकालात या टॅक्स्यांचा वाटा किरकोळ, खरी कामगिरी आगगाड्यांची. पण गोष्ट टॅक्सीची राहिली.

पूर्वेकडे गंमत उलटी झाली. रशिया अपेक्षेपेक्षा लवकर पूर्व प्रशियात घुसला आणि तिथे अडला तो रुळांच्या रुंदीवर. रशियन रुळांमधलं अंतर १,५२४ मिलिमीटर, जर्मन रुळांमधलं १,४३५. रशियन इंजिन सीमेपलीकडे जाईना. मिरजेला मीटरगेजच्या गाडीतून उतरून सामानासकट दुसऱ्या फलाटाकडे पळालेल्या पिढीला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. रशियन फौज घोडागाड्यांवर विसंबून चालत राहिली. जर्मनांनी मात्र एक अख्खं कोअर गाड्यांत भरून एका रशियन सैन्यासमोरून काढलं आणि दुसऱ्याच्या बगलेवर नेऊन उतरवलं. ऑगस्टअखेरच्या टॅनेनबर्गच्या या लढाईत नव्वद हजारांच्या आसपास रशियन कैद झाले. त्यांचा सेनापती सॅम्सोनोव्हने जंगलात स्वतःला गोळी घालून घेतली.

मार्ननंतर दोन्ही बाजू एकमेकांना वळसा घालायच्या नादात समुद्रापर्यंत गेल्या आणि स्वित्झर्लंडपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटरचे खंदक पडले. पुढची साडेतीन वर्षं ते फारसे हलले नाहीत. कारण म्हणून मशीनगन आणि काटेरी तार सांगितली जाते. ते खरंच आहे. पण हल्ला करणाऱ्याने मरत-मरत शत्रूची पहिली रांग घेतली तरी पुढे काय? पुढचं अंतर त्याला तोफांनी नांगरलेल्या चिखलातून, पाठीवर तीस किलो ओझं घेऊन, चालत कापायचं होतं. बचाव करणाऱ्याची कुमक मात्र त्याच वेळी मागच्या स्टेशनवर गाडीने उतरत होती. पाय आणि चाकं यांची ही शर्यत पाय दर वेळी हरले. १ जुलै १९१६ रोजी सोम नदीकाठी ब्रिटिशांची एका दिवसात ५७,४७० माणसं हताहत झाली, त्यांतली १९,२४० ठार. व्हर्दांला १९१६चा फेब्रुवारी ते डिसेंबर लढाई चालली, दोन्हीकडची मिळून सुमारे सात लाख माणसं कामी आली किंवा जखमी झाली, आणि आघाडी जवळपास जिथल्या तिथे. तिथे फ्रेंचांचे मुख्य रेल्वेमार्ग तुटलेले होते, म्हणून एका रस्त्यावरून ट्रकची अखंड रांग आणि सोबत एक मीटरगेज गाडी यांवर सगळं भागवलं. खंदकांच्या मागे तर दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर रुंदीचे हलके रूळ अंथरले होते. माथेरानच्या गाडीचं मापही जवळपास तेच. त्यावरून तोफगोळे पुढे जात आणि जखमी मागे येत.

जिथे रेल्वेच नव्हती तिथे काय झालं, हे महाराष्ट्राला फार जवळून कळलं. १९१४च्या नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरल्यावर ब्रिटिशांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फौज उतरवली. तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण होती. बसरा पटकन हाती आलं, म्हणून टायग्रिसच्या काठाने वर-वर जात १९१५च्या नोव्हेंबरात तिचा सेनापती जनरल टाउनशेंड थेट बगदादच्या वेशीवरच्या टेसिफोनला भिडला. मागे रूळ नाहीत, नदीत बोटी अपुऱ्या, जखमींना न्यायला पुरेशी सोय नाही. टेसिफोनला मार खाऊन डिव्हिजन मागे फिरली आणि कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात कोंडली गेली.

वेढा १४७ दिवस चालला. गावात धान्य सापडलं, पण ते दळायचं कसं? तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकण्यात आले. कोकणातल्या आणि देशावरच्या पोरांनी घरी जातं कसं बघितलेलं, तर आईच्या हाताखाली, पहाटेच्या ओवीबरोबर. इथे ते आभाळातून पडलं. पुढे दळायलाही काही उरेना, तेव्हा घोडे कापले. घोड्याचं मांस खायला बरेच हिंदी शिपाई तयार नव्हते, म्हणून खाल्लं तर धर्म बुडत नाही असा निर्वाळा धर्मपंडितांकडून बिनतारी संदेशाने मागवण्यात आला. सुटका करायला आलेल्या फौजेची वीस हजारांवर माणसं मारली गेली वा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी नोकरचाकरांसह सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली.

कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यांच्यापैकी बऱ्याच हिंदी कैद्यांना रास अल-ऐनला नेऊन जर्मनांच्या बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. मागे रूळ नव्हते म्हणून ज्यांची उपासमार झाली, तेच शत्रूसाठी खडी फोडत आणि रूळ वाहत होते. शेकडोंनी तिथेच जीव सोडला. कुतनंतर ब्रिटिशांना शहाणपण सुचलं. हिंदुस्थानातूनच रूळ, इंजिनं आणि वाघिणी बसऱ्याला गेल्या, बोटी वाढल्या, आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडलं. ११७व्या मराठा पलटणीला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, त्याची सुरुवातही याच युद्धातली.

बगदाद पडलं त्याच आठवड्यात रशियात राजसत्ता कोसळली. देशात धान्य नव्हतं असं नाही, पण ते पेट्रोग्राडपर्यंत आणणारी रेल्वे मोडकळीला आली होती आणि पावासाठी लागलेल्या रांगांतून क्रांती उसळली. झार राजधानीकडे निघाला तर वाटेत त्याच्याच गाडीला मार्ग मिळेना. ती प्स्कोव्हकडे वळवावी लागली, आणि १५ मार्चला तिथल्या स्टेशनवर डब्यातच त्याने राजत्यागावर सही केली. महिन्याभराने जर्मनांनी रशियन क्रांतिकारक लेनिनला स्वित्झर्लंडहून आपल्या देशातून एका मोहोरबंद डब्यात पलीकडे रवाना केलं. सत्ता त्याच्या हाती आली, आणि वर्षअखेरीस रशिया युद्धातून जवळजवळ बाहेर पडला.

आता जर्मनीला पूर्वेकडच्या फौजा पश्चिमेला आणता येणार होत्या, पण एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली होती आणि तिची माणसं पोचायच्या आत निकाल लावणं भाग होतं. २१ मार्च १९१८ रोजी जर्मनांनी अफाट हल्ला चढवला, खंदक पडल्यापासून कुणाला जमलं नव्हतं एवढे, म्हणजे साठेक किलोमीटर आत घुसले, आणि आमिएँ हे मोठं जंक्शन समोर दिसत असताना दमले. मार्नचीच गोष्ट पुन्हा झाली : माणसं पुढे, भाकरी आणि तोफगोळे मागे. ऑगस्टपासून दोस्त राष्ट्रांनी त्यांना मागे रेटायला सुरुवात केली. घरी नाकेबंदीने लोक भुकेले, नोव्हेंबरात खलाशांनी बंड केलं, कैसर हॉलंडला पळाला.

८ नोव्हेंबरच्या सकाळी जर्मन शिष्टमंडळाला काँपियेनच्या जंगलात आणलं. तोफा नेण्यासाठी टाकलेल्या रुळांवर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या, एक त्यांची, एक फ्रेंच मार्शल फॉशची. बोलणी फॉशच्या २४१९ डी क्रमांकाच्या डब्यात झाली. मूळचा तो जेवणाचा डबा, टेबल मांडून कचेरी केलेला. अटी वाचल्या गेल्या : पंधरा दिवसांत बेल्जियम, फ्रान्स, आल्सेस-लॉरेन खाली करा, तोफा द्या, पाणबुड्या द्या. आणि ५,००० इंजिनं आणि १,५०,००० वाघिणी, चालू स्थितीत, सुट्या भागांसह, महिन्याभरात. शिष्टमंडळाचा प्रमुख एर्झबर्गर विनवत राहिला की एवढी इंजिनं गेली तर आमच्या शहरांत धान्य पोचणार नाही, लोक उपाशी मरतील. थोडीफार घासाघीस झाली, पण इंजिनं द्यावीच लागली.

११ तारखेला पहाटे पाच वाजून गेल्यावर सह्या झाल्या. कलमात लिहिल्याप्रमाणे तोफा थांबायच्या होत्या सकाळी अकराला. वेळ तारेने सगळीकडे कळवण्यात आली, आणि अकरापर्यंत ठरलेले हल्ले चालू राहिले.